शिळेवरचा राजपुत्र

(दृश्य: अंबरनाथचं शिवमंदिर, सकाळ. दूरवर लोकलचा आवाज.)

अंबरनाथच्या या मंदिरातला शिलालेख 1060 सालचा. मंदिर उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या काळातलं. शिलाहार, म्हणजे शिळेवरचा आहार. राजघराण्याला हे असलं नाव? त्यामागची गोष्ट शिलाहार आपल्या ताम्रपटांत अभिमानानं कोरून घेत. ठाण्याला सापडलेला शिलाहार राजा अरिकेसरीचा ताम्रपट शके 939चा, म्हणजे 1017 सालचा. त्यातली वंशावळ सुरू होते जीमूतवाहनापासून. गरुडाला स्वतःचा देह देणारा तो विद्याधर, म्हणजे अर्धदेव. आणि गंमत पाहा, याच घराण्याच्या ध्वजावर सोन्याचा गरुड!

(दृश्य: समुद्रकिनारा, ओहोटी.)

जीमूतवाहनाची ही कथा कनौजच्या सम्राट हर्षानं सातव्या शतकात रंगभूमीवर आणली. तोच हर्ष, ज्याला दुसऱ्या पुलकेशीनं दक्षिणेत पाऊल टाकू दिलं नाही. नाटकाचं नाव 'नागानंद', अंक पाच. नांदीत वंदन बुद्धाला, आणि शेवटी धावून येते गौरी. पहिले तीन अंक चक्क प्रेमकथा: वीणा, मलय पर्वतावरची चंदनाची बनं, लग्न, दारू पिऊन झिंगलेला विट, म्हणजे संस्कृत नाटकातला रंगेल सोबती. पुढे काय वाढून ठेवलंय याची शंकाही येत नाही.

चौथ्या अंकात जीमूतवाहन मेहुण्यासोबत समुद्रावर फिरायला जातो. समोर पांढरेशुभ्र ढीग, हिमालयाच्या शिखरांसारखे. ती नागांची हाडं असतात. गरुडाच्या धाडींनी नागकुळच संपेल, म्हणून नागांचा राजा वासुकीनं करार केलेला: रोज एक नाग, अंगावर लाल वस्त्रं, जागा वध्यशिळा.

आज पाळी शंखचूडाची. सोबत म्हातारी आई. जीमूतवाहन पुढे येतो तर तिला वाटतं, हाच गरुड. ती म्हणते, माझ्या लेकाला सोड, मला ने. तो सांगतो, मी गरुड नाही. ती लाल वस्त्रं तेवढी मला द्या. पण मायलेक दोघंही ऐकत नाहीत. तूही मला शंखचूडासारखाच, असं म्हणते ती माउली. मरणाच्या दारात उभं राहून हे म्हणणं सोपं नाही.

शंखचूड शेवटचं दर्शन घ्यायला गोकर्णाकडे वळतो. तेवढ्यात जीमूतवाहनाला सासरहून आहेर येतो. लाल वस्त्रांची जोडी. नव्या नवरदेवाचा तो आहेर अंगावर घेऊन तो शिळेवर चढतो, आणि आकाश अंधारून येतं.

(दृश्य: घिरट्या घालणारी घार. क्षणभर शांतता.)

डोंगरमाथ्यावर गरुड त्याला खातो आहे. खाता खाता थांबतो, कारण भक्ष्याच्या चेहऱ्यावर आनंद आहे. तेव्हा जीमूतवाहन जे विचारतो, तो संस्कृतातला एक गाजलेला श्लोक. मराठीत सांगायचं तर: शिरांतून रक्त अजून वाहतंय, अंगावर मांस शिल्लक आहे, तुझं पोट भरलेलंही दिसत नाही. मग थांबलास का, गरुडा?

इथं गरुड खचतो. आपण भलत्याच कुणाला खाल्लं हे कळल्यावर तो आगीत उडी घ्यायला निघतो. जीमूतवाहन अडवतो: जीव देऊन काय होणार? हिंसा सोड. एवढं सांगून तो प्राण सोडतो. गौरी येऊन त्याला जिवंत करते, चक्रवर्तिपदही देते. मला तो भाग जरा सोयीचा वाटतो. खरा पुनर्जन्म गरुडाचा. त्यानंच आणलेल्या अमृताचा पाऊस, त्यानंच रचलेल्या हाडांच्या ढिगांवर पडतो आणि नाग उठून बसतात. शिलाहारांनी ध्वजावर मिरवला तो हाच गरुड असावा, असं मानायला मला आवडतं.

(दृश्य: रात्र, वडाचं झाड, कंदिलाचा उजेड.)

हीच गोष्ट 'कथासरित्सागरा'त वेताळही विक्रमाला सांगतो आणि विचारतो: या दोघांत थोर कोण, जीमूतवाहन की शंखचूड?

विक्रम म्हणतो, शंखचूड. देणं जीमूतवाहनाच्या जन्मोजन्मी अंगवळणी पडलेलं. शंखचूड तर वाचला होता. त्याला जाब विचारणारं कुणी नव्हतं. तरीही तो रक्ताच्या थेंबांचा माग काढत डोंगर चढला आणि गरुडासमोर उभा राहून म्हणाला, याला सोड. हा माझा फणा बघ, या जिभा बघ. नाग मी आहे.

उत्तर बरोबर होतं. वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लटकला.