टबाकरॉलेकी: गोगलगायींच्या मागावरचा साप

(दृश्य: दक्षिण आफ्रिकेतल्या वेस्टर्न केप प्रांतातली बाग, पावसानंतरची सकाळ. ओला दगड हळूच उचलला जातो.)

दगडाखाली दिसतंय ते घड्याळाच्या कमानीसारखं घट्ट वेटोळं. डोकं आत दडवलेलं. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकान्स बोलणारे याला टबाकरॉलेकी म्हणतात, म्हणजे तंबाखूची छोटी गुंडाळी. शास्त्रीय नाव डुबेरिया ल्यूट्रिक्स. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्येच त्याचं वर्णन केलं होतं.

पूर्ण वाढलेला साप साधारण 30 ते 35 सेंटिमीटर, शाळेतल्या फूटपट्टीएवढा. पाठ विटकरी किंवा तपकिरी, बाजू करड्या, पोट फिकट पिवळसर आणि पोटाच्या दोन्ही कडांना गडद ठिपक्यांची ओळ. विष नाही. पकडला तरी चावत नाही. फार तर शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथींतून वास मारणारा स्राव सोडतो.

(दृश्य: मातीवरचा चकाकणारा चिकट माग. सापाची जीभ.)

खाणं एकच: गोगलगायी, शंखी आणि बिनशंखीही. माग काढतो तो जिभेने. गोगलगाईने मागे सोडलेल्या बुळबुळीत रेषेला जीभ लावत लावत तो तिच्यापर्यंत पोचतो. बिनशंखी सापडली की झटपट गिळतो, कारण उशीर केला तर ती आणखी चिकट स्राव सोडते. शंखीचं काम अवघड. तिचा स्नायू शंखाच्या आतल्या खांबाला घट्ट जोडलेला असतो. साप बाहेर आलेलं मऊ अंग धरतो आणि ओढून काढतो. खाऊन झालं की तोंड जमिनीवर घासून पुसतो.

या सापाची मादी अंडी घालत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी, म्हणजे तिकडे जानेवारी ते मार्चच्या सुमारास, ती पिल्लांना जन्म देते. बहुधा 6 ते 12, कधी 20 च्या वर. प्रत्येक पिल्लू 8 ते 11 सेंटिमीटरचं.

(दृश्य: कोबीच्या रोपांभोवती गोगलगायींसाठी टाकलेल्या विषारी गोळ्या.)

या सापाचं मोठं नुकसान इथे होतं. गोळ्यांमध्ये बहुतेकदा मेटाल्डिहाइड हे गोगलगायी मारणारं रसायन असतं. मराठवाड्यातल्या सोयाबीन उत्पादकांनाही हे नाव ओळखीचं आहे. गोळी खाल्लेली गोगलगाय सापाने गिळली, तर विष त्याच्या पोटात जातं. आणि बागेतल्या सगळ्या गोगलगायी मेल्या, तर त्याला दुसरं अन्नच नाही. कुत्र्यांनाही या गोळ्या घातक आहेत. रोपं वाचवायची असतील तर पाणी संध्याकाळी न घालता सकाळी घाला, म्हणजे रात्री माती वरून कोरडी राहते. उरलेल्या गोगलगायी बॅटरी घेऊन हाताने वेचता येतात. गवत कापण्याचं यंत्र फिरवण्याआधी गवतातून काठी फिरवा आणि साप बाजूला सरकायला वेळ द्या.

एक इशारा मात्र मनापासून. लहान, तपकिरी, गुळगुळीत दिसला म्हणजे तो टबाकरॉलेकीच, असं समजू नका. दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडच्या क्वाझुलू-नताल प्रांतात आणि ईशान्येकडच्या भागात बिब्रॉनचा स्टिलेटो साप राहतो: गडद, चकचकीत, तसाच छोट्या डोक्याचा. तो तोंड न उघडता लांब दात बाजूने बाहेर काढतो, त्यामुळे मानेमागे धरलं तरी दंश होतोच. दंशाच्या जागी तीव्र वेदना होतात, सूज येते, कधी मांस सडतं, आणि त्यावर प्रतिविष नाही. ओळख पक्की नसेल तर हात लावू नका, फोटो काढून जाणकाराला दाखवा.

(दृश्य: दगड पुन्हा ठेवताना.)

दगड परत ठेवतानाही घाई नको. वेटोळ्यावर तो थेट टेकवला तर साप चिरडला जातो. दगड पूर्वीच्याच खळग्यात, साप एका कडेला राहील असा बसवा. सगळं शांत झालं की तो वेटोळं सोडतो आणि आपणच कडेच्या फटीतून आत जातो.