खाडीत जायच्या आधी तांबं गाळ्यातच पकडा
नमस्कार मंडळी! खाडीतल्या तिसऱ्या, कालवं आपण आवडीनं खातो, पण ती पाणी गाळून जगतात ना, त्यामुळे पाण्यातले जड धातू त्यांच्या अंगात साठत जातात. सांडपाण्यातली बाकीची घाण जिवाणू बरीचशी खाऊन टाकतात, धातूला मात्र कोणीच संपवू शकत नाही, तो पाण्यात नाहीतर गाळात राहतोच.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे, तो पकडायचा प्लेटिंगच्या गाळ्यातच, म्हणजे वस्तूंवर धातूचा मुलामा देणाऱ्या छोट्या कारखान्यातच. वसईत असे कितीतरी गाळे आहेत. तांब्याच्या टाकीतून जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, बाहेर काढला की त्याला चिकटलेलं द्रावण पहिल्या धुण्याच्या टाकीत उतरतं, हे पाणी दाट आणि त्यात मुख्यतः एकच धातू. त्यात कॅथोड (ऋण पट्टी) आणि ॲनोड (धन पट्टी) सोडून डीसी करंट दिला (यालाच सेल म्हणतात) की तांब्याचे आयन, म्हणजे पाण्यात विरघळलेले भारित कण, कॅथोडवर इलेक्ट्रॉन घेतात आणि चक्क तांबं होऊन बसतात, सोलून विकता येतं! हिशोब बघा, १०० अँपिअर १० तास चालवले तर फॅराडेच्या नियमानं (किती करंटला किती धातू बसतो ते सांगणारा) जास्तीत जास्त १.१९ किलो तांबं, आणि सेलला अडीच व्होल्ट लागले तर वीज फक्त अडीच युनिट. एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर तर प्लेटिंगवाल्याकडे असतोच.

पाणी पातळ झालं, म्हणजे त्यातला धातू कमी झाला, की मात्र त्रास सुरू होतो, आयन कॅथोडपर्यंत पुरेसे पोचत नाहीत आणि करंट हायड्रोजन काढण्यात वाया जातो. मग पाणी जोरात फिरवतात, किंवा कॅथोडला पत्र्याऐवजी कार्बन फेल्ट (कार्बनच्या तंतूंचा नमदा) लावतात, भरपूर पृष्ठभाग मिळतो. तरी उरलेलं आयन एक्स्चेंज रेझिननं (धातूचे आयन धरून ठेवणारे बारीक मणी) ओढून घ्यायचं, रेझिन ॲसिडनं धुतलं की दाट झालेलं पाणी परत सेलमध्ये. निकेलला पाण्याचा पीएचही (आंबटपणाचं माप) सांभाळावा लागतो.

क्रोमियमचं वेगळं. हेक्साव्हॅलंट क्रोमियमनं (त्याचं सहा-भारी विषारी रूप) कॅन्सर होतो, नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम. तिथे लोखंडी प्लेटा वापरतात, ॲनोडवरचं लोखंड विरघळतं आणि क्रोमियमला कमी विषारी ट्रायव्हॅलंट (तीन-भारी) करतं, मग पीएच ८ च्या आसपास तो गाळ बनून खाली बसतो. पण तो गाळ घातक कचराच, नाल्यात टाकायचा नाही, अधिकृत ठिकाणीच पाठवायचा.

तुमचा गाळा असेल तर आधी एकच करा, तांबं, निकेल, क्रोमियम तिघांच्या धुण्याच्या पाण्याला वेगळे पाईप टाका, कारण सगळं एका ड्रेनमध्ये गेलं की विकायचं तांबंसुद्धा त्याच घातक गाळात जातं.