भागिले सव्वीस

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. फोडलेलं पाकीट, शेजारी मोबाईल.]

2016 साल सरत आलं होतं. ऐन नाताळच्या तोंडावर ऑस्ट्रेलियात घरोघरी सरकारी पत्रं येऊन पडत होती. पाठवणारं खातं सेंटरलिंक, म्हणजे बेरोजगारांना, विद्यार्थ्यांना भत्ता देणारं. मजकूर थोडक्यात असा: काही वर्षांपूर्वी तुम्ही कळवलेली कमाई आणि आयकर खात्याकडची नोंद जुळत नाही. ऑनलाइन या, खुलासा करा. खुलाशासाठी नेमलेल्या कक्षाचा फोन नंबर पत्रावर नव्हता. नजरचुकीनं राहिला असंही नाही. लोकांनी ऑनलाइनच यावं, असा बेत होता.

लोकांनी या योजनेचं नाव ठेवलं रोबोडेट, म्हणजे यंत्रानं काढलेलं देणं. नाव ऐकून वाटतं, आत कुणी महाबुद्धिमान यंत्र बसलंय. आत होता भागाकार. चौथीतला.

[दृश्य: कोऱ्या कागदावर पेन्सिलीनं हिशोब.]

समजा, एका मुलीनं वर्षातले तेरा पंधरवडे कॅफेत काम केलं. पंधरवड्याला 1,000 डॉलर. मग काम सुटलं, उरलेले तेरा पंधरवडे ती भत्त्यावर. भत्त्याचा हिशोब पंधरवड्याचा, आणि तिनं दर वेळी खरं तेच कळवलं: कमाई शून्य. आयकर खात्याकडे मात्र अख्ख्या वर्षाचा एकच आकडा, 13,000. तिच्याकडून उत्तर आलं नाही, किंवा जुन्या स्लिपा सापडल्या नाहीत, की संगणक त्या आकड्याला सव्वीसनं भागणार. उत्तर 500. म्हणजे भत्ता खात होतीस तेव्हाही पंधरवड्याला 500 कमावत होतीस. काढ पैसे.

नोंदी ताडून पाहणं आधीही चालायचंच. पण तफावत दिसली की कुणीतरी कारकून फाईल उघडायचा, मालकाकडे चौकशी करायचा. वर्षाला साधारण 20,000 प्रकरणं व्हायची. आता तेवढी पत्रं आठवड्याला निघू लागली. बचत झाली ती त्या कारकुनाची. त्याचं काम गेलं पत्र मिळालेल्याच्या गळ्यात: पाच-सहा वर्षांपूर्वीची पगाराची स्लिप तुम्हीच शोधून आणा. कॅफेला केव्हाच टाळं लागलेलं असलं तरी.

नोव्हेंबर 2019 मध्ये मेलबर्नच्या एका तरुणीच्या दाव्यात सरकारनं फेडरल कोर्टात कबूल केलं की असं सरासरीनं ठरवलेलं देणं कायद्यात बसत नाही. तोवर तिचा आयकराचा परतावा परस्पर वळता करून घेतला होता. मे 2020 मध्ये अशी 4,70,000 देणी रद्द करून 72.1 कोटी डॉलर परत द्यायची घोषणा झाली.

[दृश्य: ब्रिस्बेन, सुनावणीचं रिकामं दालन.]

पुढे शाही चौकशी आयोग नेमला गेला. अध्यक्ष क्वीन्सलंडच्या माजी मुख्य न्यायाधीश कॅथरीन होम्स. वसुलीच्या काळात ज्यांच्या तरण्याताठ्या मुलांनी जीव दिला, अशा आयांनीही तिथं साक्ष दिली. जुलै 2023 च्या अहवालात होम्स यांनी लिहिलं: ढोबळ आणि क्रूर पद्धत, ना न्याय्य, ना कायदेशीर.

अल्गोरिदमच्या नावानं बोटं मोडणं सोपं आहे. पण सव्वीसनं भागायचं, हे यंत्राला सुचलं नव्हतं. आयोगापुढे 2014 चा एक कागद आला. भत्त्यांचं धोरण ठरवणाऱ्या समाजसेवा खात्यातल्याच विधी विभागाचा सल्ला: वर्षाच्या कमाईची अशी सरासरी काढून कुणाचं देणं ठरवता येणार नाही.

योजना जाहीर झाली मे 2015 च्या अर्थसंकल्पात.