बॉनेटखालची मोटर

[पारदर्शक नळीत बुडबुडे]

हे बुडबुडे बघा. शेतात याला म्हणतात, मोटरनं हवा धरली. चाळीसगावच्या या गॅरेजात सकाळपासून तेच निस्तरणं चाललंय.

गाडी टर्बो डिझेल. टर्बो हवा दाबतो, दाबली की ती तापते आणि विरळ होते, म्हणून इंजिनात शिरण्याआधी गार करायची. कंपनीचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर होता, वाऱ्याच्या भरवशावर. कन्नड घाटात मालट्रकमागे रांगताना वारा कुठला? म्हणून गेल्या वर्षी पाण्यावरचा बसवला. याचं पाणी वेगळं, इंजिनाच्या कूलंटशी संबंध नाही. टाकीतून पाण्याची मोटर, मोटरीतून इंटरकूलर, पुढच्या जाळीमागे छोटा रेडिएटर, परत टाकी.

[मिस्तरींच्या तळहातावर दोन मोटारी]

डावीकडची जुनी. खोक्यावर मिनिटाला ३० लिटर छापलेलं, तेही तोंड मोकळं ठेवून मोजलेलं. मिस्तरींचे वडील विहिरींवर मोटारी बसवायचे. त्यामुळे मिस्तरी दुकानात लिटर विचारतच नाहीत, ‘हेड किती?’ विचारतात, म्हणजे मोटर पाणी किती उंच चढवते. रेडिएटरच्या बारीक नळ्या, होजची वळणं, एवढं सोसून किती पाणी फिरतं, तो खरा आकडा. २० लिटर फिरलं तरी पुष्कळ. ५ किलोवॅट उष्णता उचलताना ते जेमतेम साडेतीन अंश तापतं. १० लिटरच फिरलं तर सात. याहून मोठी मोटर घेण्यापेक्षा रेडिएटर मोठा घ्यावा. आणि मे महिन्यात बाहेरच ४४ अंश असेल, तर पाणी त्याखाली उतरणार नाही, कुठलीही मोटर लावा.

[मल्टिमीटर, जवळून]

नवी मोटर, पण लाइन जुनीच, फॉगलॅम्पची. मोटरीपाशी १२.३ व्होल्ट. बॅटरीवर १४.१. मधले बारीक वायरीनं आणि गंजक्या अर्थिंगनं खाल्ले. व्होल्ट घटले की मोटरीचा वेग घटतो, आणि वेग १० टक्के पडला की हेड २० टक्क्यांच्या आसपास पडतं.

आता स्वतंत्र लाइन. बॅटरीला खेटून फ्यूज, तिथून अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर रिलेच्या, म्हणजे विजेनं चालणाऱ्या स्विचच्या, ३० नंबरच्या पिनला, ८७च्या पिनमधून मोटरीला. किल्लीची लाइन फक्त रिले चालू करायला. अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग कानशीनं खरवडलाय.

मीटर: १३.८.

[गाडीखालून]

ही मोटर पाणी खेचून घेत नाही, तिच्या तोंडाशी ते आपोआप यावं लागतं. जुनी टाकीच्या वर बसवली होती. एप्रिलमध्ये घाटात हवेवर फिरून जळली, गाडीची ओढ गेली. नवी सगळ्यात खाली, टाकी वर.

[टाकीचं झाकण उघडं, गाडीचं नाक जॅकवर]

‘पानी फिरी ऱ्हायनं का?’

पोरगा टाकीत डोकावतो. होज चिमटीत दाबतो, सोडतो. पुन्हा दाबतो.

[नळी. शेवटचा बुडबुडा वर सरकतो. फक्त मोटरीचा आवाज.]