दादऱ्याच्या खालीवर जॅझची टाळी

नमस्कार. गोंधळ, ओवी कानात मुरलेली, जॅझची ओढ, आणि गाणी स्वतःच लिहायची. परभणी-लातूरला राहून यावर पोट भरतं का? भरतं. पण आधी लोकसंगीत आणि जॅझ या दोन्हीचा सांधा हातात बसला पाहिजे. गिटारवर गोंधळ वाजवला म्हणजे जॅझ होत नाही.

सांधा तालात आहे. दादरा सगळ्यांना येतो: धा धी ना, धा तू ना. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन भाग. आता प्रत्येक भागातली मधली मात्रा गिळा. धा – ना, धा – ना. (दोनदा म्हणून दाखवणे) हाच स्विंग, जॅझची झुलती लय! तिथं एका ठोक्याचे तीन भाग पडतात, वाजतो पहिला आणि तिसरा. दादऱ्याची दोन आवर्तनं झाली की स्विंगचा चार ठोक्यांचा एक बार भरतो. जॅझवाले टाळी देतात दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर. मोजून बघा, तिथं दादऱ्याची चौथी मात्रा येते, म्हणजे खाली. आपण जिथं हात उलटा करतो, तिथं त्यांची टाळी पडते.

गडबड इथंच होते. तबलजी सवयीनं समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, जोर देतो आणि गाणं भजनाकडं वळतं. दिमडीवाल्याला सांगा, सम सोड, फक्त खाली वाजव.

शब्दांसाठी अभंगाचा साचा घ्या. नामदेव नर्सीचे, जनाबाई गंगाखेडच्या, तेव्हा हा साचा आपल्याच अंगणातला. मोठ्या अभंगात अक्षरं 22: सहा, सहा, सहा आणि चार. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. उदाहरणार्थ,

ढग आले गेले, विहीर कोरडी,
पाहते बापुडी, वाट त्याची.

हा साचा बसवायचा ब्लूजमध्ये, म्हणजे जॅझवाले वापरतात त्या गाण्याच्या ठरलेल्या घाटात. ब्लूज बारा बारचा, चार-चार बारच्या तीन ओळी. ओळीतले पहिले दोन बार गायकाचे, पुढचे दोन उत्तराचे. आपल्याकडं ते उत्तर झीलकरी, म्हणजे मुख्य गायकामागून ओळ उचलणारे साथीदार, देतात. झील कशी उचलायची ते परभणीच्या राजारामबापू कदमांच्या गोंधळात ऐका. पहिले दोन चरण पहिल्या दोन ओळींत असे बसवा. तिसरा नवव्या-दहाव्या बारला आणि ‘वाट त्याची’ अकराव्यावर. तिथं झील लावू नका, तो तुकडाच उत्तर आहे.

कॉर्डकडं, म्हणजे एकदम वाजवायच्या स्वरांच्या जुडग्याकडं, येऊ. गाणारीची पट्टी काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी हा सा) असेल तर गिटारला पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा आणि जी कॉर्डचे बोटांचे आकार धरा. चार बार जी सेव्हन, दोन सी सेव्हन, दोन जी सेव्हन, एक डी सेव्हन, एक सी सेव्हन, शेवटचे दोन जी सेव्हन. चालीत कोमल गंधार असेल तर तो जी सेव्हनमधल्या शुद्ध गंधाराशी घासतो. ब्लूजमध्ये हे घासणं मुद्दाम घेतात, पण नवा गायक कॉर्डकडं ओढला जातो आणि त्याचा गंधार वर चढतो. म्हणून सुरुवातीला जी सेव्हनमधून गंधार काढून टाका; सा, प, कोमल नी एवढंच वाजवा. तानपुऱ्याचं अ‍ॅपही बंद ठेवा. सा-प घुमत राहिले तर मध्यमाचा कॉर्ड, म्हणजे सी सेव्हन, आलेला कानाला नीट कळत नाही.

आता पैशाचं. कार्यक्रम गणपतीत, नवरात्रात मिळतात. मधला पितृपक्ष कोरडा जातो. घरभाडं शिकवणीवरच निघतं, तेव्हा ती उरल्यासुरल्या वेळेत करायचं काम नाही. पालकांना गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा हवी असते. प्रारंभिक, प्रवेशिका मनापासून शिकवा, आणि त्याच तासाची शेवटची दहा मिनिटं स्विंगला द्या. सलग तीन तुकड्यांबरोबर गात बसलात तर संध्याकाळी आवाज बसेल. ओळ दोनदाच गाऊन दाखवा, तिसऱ्यांदा पेटीवर. पुरुष शिक्षकांनी लहान मुलांना स्वतःच्या काळी एक पट्टीत गायला लावू नये. खालचे स्वर त्यांच्या गळ्यातून निघतच नाहीत आणि मूल बेसुरं ठरतं.

स्वतःची गाणी आयपीआरएसकडं, म्हणजे गीतकार-संगीतकारांचं मानधन (रॉयल्टी) गोळा करणाऱ्या संस्थेकडं, नोंदवा. चाल जात्यावरची असेल तर संगीतकार म्हणून आपलं नाव घालायचं नाही, ‘पारंपरिक’ लिहायचं. ज्या बाईकडून ओवी घेतली, तिला विचारून तिचं आणि गावाचं नाव श्रेयात द्या, आणि मानधन ध्वनिमुद्रणाच्याच दिवशी तिच्या हातात ठेवा.