जाळं पाण्यात असताना शिजवा

(मासेमारीचा हंगाम सुरू होण्याआधी रत्नागिरीत नव्या खलाशांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

पोरांनो, ३१ जुलैला पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपेल आणि तुमच्यातले बरेच जण पहिल्यांदाच दर्यावर जातील. पहिल्या हंगामात नव्या पोराच्या वाट्याला बहुतेक वेळा स्वयंपाकच येतो. जाळं ओढायला हात अजून तयार नसतात, म्हणून त्याला शेगडीपाशी धाडतात. जुन्या जहाजांवर सारंग, टिंडल, सुकाणी असे हुद्दे असायचे, तसाच भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, हाही हुद्दा होता आणि त्याला मान होता. आपल्याकडे तेच काम सगळ्यात कोवळ्या पोरावर ढकलतात आणि कसं करायचं ते सांगतही नाहीत, हे मला अजिबात पटत नाही. म्हणून आज आलो.

माझी पहिली फेरी सांगतो. सकाळची पेज झाली होती, टोप काठोकाठ भरलेला. दोन्ही हातांनी उचलला आणि वळलो. तेवढ्यात वरती जाळं ओढायला सुरुवात झाली, बोट थांबली, लाटेला आडवी झाली. पेज माझ्या उजव्या पायावर घोट्यापासून बोटांपर्यंत सांडली. बंदर चौदा तास लांब होतं. पुढे दीड महिना मी चप्पल घालू शकलो नाही.

चूक टोप भरण्यात होती, तशी वेळेतही होती. ट्रॉलरचं जाळं पाण्यात असतं तेव्हा त्या ओढीनं बोट जरा शांत चालते. जाळं वर घ्यायला थांबली की डोलायला लागते. म्हणजे जाळं सोडल्यावर जे दोन-अडीच तास मिळतात, तोच तुमचा स्वयंपाकाचा वेळ. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, आधीच सांगून ठेवा, ‘ओढायच्या आधी हाक द्या.’ हाक आली की गॅस बंद, गरम भांडं खाली, आणि तेही कोपऱ्यात अडकवून. तांडेल ओरडेल म्हणून घाबरू नका. शहाणा तांडेल हाक देतोच.

भांडं अर्ध्याच्या वर कधी भरायचं नाही. सात माणसांचा भात दोनदा लावावा लागला तरी चालेल. मी तर सगळं कुकरमध्येच करा म्हणेन, कारण कुकर कलंडला तरी झाकण जागेवर राहतं. शेगडीला चारी बाजूंनी लोखंडी पट्ट्या हव्यात आणि भांडं त्यांच्यात घट्ट बसलं पाहिजे. लांब पल्ल्याच्या शिडाच्या बोटींवर शेगडी दोन खुंट्यांवर झुलती ठेवतात. बोट कलली तरी शेगडी सपाट राहते. आपल्याकडे ती सोय नाही, म्हणून बांधणं आलं. आणि उघड्या अंगानं शेगडीपुढे उभं राहू नका. उकाडा कितीही असो, अंगावर शर्ट आणि पुढे जाड एप्रन पाहिजे. शेगडीच्या बरोबर समोर न राहता जरा बाजूला, पाय फाकवून, कंबर कशाला तरी टेकवून उभं राहायचं.

दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून ‘म्हादेई’ ही शिडाची बोट बाहेर काढली आणि १९ मे २०१० ला एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईत परत आणली. असं करणारे ते पहिले भारतीय. ती बोट आपल्या शेजारीच, गोव्यात दिवाडीला बांधलेली. मला त्यांच्या प्रवासात सगळ्यात जास्त काय जाणवतं सांगू? तांडेल तेच आणि भंडारीही तेच. हात भाजला असता तर सुकाणू धरायला दुसरं कोणी नव्हतं. तुमच्याकडे दुसरी माणसं आहेत, पण एकाचा हात गेला की बाकीच्या सहांवर भार पडतो.

गॅसचं नीट ऐका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर खिडकी उघडून बाहेर घालवता येतो. बोटीत तो खाली उतरतो, तळात इंजिनापाशी साचतो आणि एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडर बाहेर डेकवर, उभा, बांधलेला. स्वयंपाक झाल्यावर आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, बर्नर आपोआप विझू द्या, मग बर्नरचा खटका फिरवा. नळीत गॅस उरत नाही. केबिनचं दार लावून ऊब घ्यायला शेगडी पेटवून झोपणं तर कधीच नाही. त्यातून साचणाऱ्या विषारी वायूला वासही नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

आता गोडं पाणी. सात माणसं, दहा दिवस, पिण्या-शिजवण्याला माणशी रोज चार लिटर, म्हणजे २८० लिटर. हवामान बिघडून तीन दिवस जास्त लागले तर आणखी ८४. एवढं सगळं एका टाकीत ठेवू नका. टाकीत डिझेलचा वास उतरला की सगळं पाणी जातं. तिसरा हिस्सा कॅनमध्ये वेगळा बांधून ठेवा. मासळीसाठी घेतलेला बर्फ प्यायच्या पाण्यात टाकायचा नाही, तो प्यायला बनवलेला नसतो.

खाऱ्या पाण्यानं गोडं पाणी वाचवता येतं, पण बंदरातलं किंवा खाडीतलं नाही, बाहेर खोल दर्यातलं. लिटरभर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. भाताला पाच वाट्या गोडं आणि एक वाटी खारं, वेगळं मीठ नको. अंडी, बटाटे निव्वळ खाऱ्या पाण्यात उकडा. डाळ मात्र गोड्या पाण्यातच शिजवा. खाऱ्यात दाणा टणक राहतो आणि गॅस फुकट जातो. भांडी खाऱ्या पाण्यात घासा, शेवटी ओंजळभर गोड्या पाण्यानं पुसून घ्या. साबणाच्या वडीला त्या पाण्यात फेस येत नाही, पातळ साबण घ्या. अंघोळीनंतरही ओल्या फडक्यानं अंगावरचं मीठ काढा, नाहीतर काखेत, जांघेत फोड येतात.

एकाच ठिकाणी पाण्याचा हिशेब करायचा नाही. कोणी भाजला तर वीस मिनिटं सलग पाणी ओतायचं, टाकी किती उरली ते न बघता. हळद नाही, टूथपेस्ट नाही, बर्फही नाही. माझ्या पायावर त्या दिवशी कोणी पाणी ओतलं नाही, पाणी संपेल म्हणून. डाग अजून आहेत.

सामानाचं थोडक्यात. कांदे आणि बटाटे एका पोत्यात नको, वेगळे टांगा. कोबी, लाल भोपळा, लिंबं, नारळ टिकतात. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत संपवा. पुठ्ठ्याचे खोके बोटीत आणू नका, त्यांतून झुरळं येतात. कुळथाचं पीठ भरपूर घ्या. हवा खवळली, कोणाला काही जात नाही, तेव्हा दहा मिनिटांत पिठी होते आणि आमसूल टाकलं की तोंडाला चव येते. ज्याला बोट लागते त्यानं खाली वाकून चिरत बसू नये. कांदे, आलं-लसूण बंदरात असतानाच चिरून, वाटून डब्यात भरा.

आणि पहाटे तीनला जाळं ओढणाऱ्यांना चहा द्या. अर्धा पेला, पूर्ण नाही. झाकणाच्या किटलीतून, एकेकाच्या हातात, तो बसलेला असताना.

मी शेगडी, दोरी आणि पट्ट्या बरोबर आणल्यात. चौघे पुढे या. हे टेबल मी हलवतो, तुम्ही पाण्यानं अर्धा भरलेला टोप बांधून दाखवा.