घासा आणि गोव्याला जा

[दृश्य : मॉलमधला सरकता जिना. पायथ्याशी एक टेबल, मागे निळ्या समुद्राचा फ्लेक्स, टेबलावर चिठ्ठ्यांनी भरलेली काचेची बरणी.]

रविवारची संध्याकाळ. मॉलमध्ये खरेदीपेक्षा एसीत फिरायला आलेली माणसंच जास्त. जिन्यावरून उतरलं की टाय लावलेला एक मुलगा आडवा येतो. "सर, एकच मिनिट. काही विकत नाहीये. नाव, मोबाइल नंबर, लग्न झालंय का, गाडी कुठली, एवढं लिहा आणि कार्ड घासा." नाण्याने रुपेरी पट्टा खरवडला की खालून अक्षरं वर येतात : तीन रात्री, चार दिवस, गोवा. बायकोला दाखवायला जावं, तर तिच्याही कार्डाखाली गोवाच. मागे उभ्या असलेल्या आजोबांना महाबळेश्वर लागलंय.

घासून बघायचं लॉटरीचं तिकीट पहिल्यांदा विकलं गेलं 1974 साली, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या लॉटरीत. तिथे बहुतेकांच्या पट्ट्याखाली काहीच निघत नाही, आणि ज्याला निघतं त्याला पैसे मिळतात. मॉलमध्ये मात्र जवळपास प्रत्येकालाच लागतं. मग एवढ्या लोकांना गोव्याला पाठवायचा खर्च कोण करतंय?

बहुतेक वेळा, कोणीच नाही.

टेबलावरच्या मुलाला हवा असतो तो फॉर्म. लग्न झालंय का आणि गाडी कुठली, हे दोन प्रश्न त्यात उगाच नसतात. जोडपं आहे, कमावतं आहे, हप्ता भरू शकेल, एवढं त्यावरून कळतं. तीन-चार दिवसांनी फोन येतो.

[आवाज : फोनवरचं संभाषण]

"अभिनंदन सर! लकी ड्रॉमध्ये तुमचं नाव निघालंय. गिफ्ट आणि हॉलिडे व्हाउचर घ्यायला रविवारी यायचंय. तुम्ही आणि मॅडम, दोघंही."

"मी एकटा आलो तर चालेल ना?"

"नाही सर, कपलच लागतं. आणि येताना क्रेडिट कार्ड असू द्या, आयडी प्रूफ म्हणून."

क्रेडिट कार्ड हे ओळखपत्र कधीपासून झालं, असं विचारून बघा. उत्तर द्यायच्या ऐवजी वेळ सांगतात : अकरा की चार?

जोडप्याचा आग्रह का, ते हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये गेल्यावर कळतं. तिथे विकायचं असतं सुट्टीचं सभासदत्व, म्हणजे टाइमशेअर. दोघंही समोर बसलेले असले की "घरी विचारून सांगतो" म्हणून उठायची सोय राहत नाही.

[दृश्य : हॉल. गोल टेबलं, प्रत्येक टेबलावर एक जोडपं आणि एक विक्री प्रतिनिधी. मोठ्याने वाजणारं संगीत.]

संगीत इतकं मोठं असतं की शेजारच्या टेबलावर काय बोलणं चाललंय ते ऐकू येऊ नये. सुरुवात गप्पांनी होते. शेवटची सुट्टी कुठे घेतली? मुलं कितवीत? हॉटेलवर साधारण किती खर्च झाला? तुम्ही सहज म्हणता, वर्षाला चाळीस हजार. प्रतिनिधी कागदावर चाळीस हजार लिहितो, त्याला पंचवीस वर्षांनी गुणतो, वर महागाई लावतो आणि खाली येणाऱ्या आकड्याभोवती गोल काढतो. दहा लाख तर नुसत्या गुणाकाराचे होतात, महागाईसकट त्याच्याही दुप्पट-अडीचपट. त्या गोलाशेजारी चार-पाच लाखांचं सभासदत्व स्वस्तच दिसणार. दर वर्षी भरायच्या देखभाल शुल्काचा कॉलम त्या कागदावर नसतो. आपण विचारलं तर सांगतात, "ते अगदी नाममात्र असतं सर."

तेवढ्यात माइकवरून घोषणा होते : अमुक फॅमिलीचं आपल्या परिवारात स्वागत! टाळ्या. आपल्या टेबलावर आता 'मॅनेजर' येऊन बसतो. तो किंमत लाखभराने खाली आणतो, पण फक्त आजच्यासाठी. उद्या हाच दर देता येणार नाही, वरून परवानगी नाही. बाहेर पडेपर्यंत दीड तासाचे तीन तास झालेले असतात.

टाइमशेअर हा धंदाच खोटा आहे, असं मात्र नाही. ही कल्पना 1960च्या दशकात फ्रान्सच्या आल्प्समध्ये निघाली : अख्खं घर घेण्याऐवजी दर वर्षीचा एक आठवडा घ्यायचा. भारतात स्टर्लिंग 1986 पासून आहे, महिंद्रा हॉलिडेज 1996 पासून. सहा महिने आधी तारखा ठरवणारी, दर वर्षी न चुकता फिरायला जाणारी माणसं असतात आणि त्यांना ते परवडतंही. पण पंचवीस वर्षांचा करार टाळ्यांच्या कडकडाटात का करायचा? युरोपियन युनियनमध्ये टाइमशेअरवर सही केल्यानंतर चौदा दिवसांत, कारण न देता, करार मोडता येतो. भारतात टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही. कंपनीने स्वतःहून करारात मुदत लिहिली असेल, तर तेवढीच.

[दृश्य : कळंगुट-बागा रस्ता, दुचाक्या, पर्यटक.]

मॉलमधल्या टेबलाची ही युक्ती गोव्याच्या किनाऱ्यालाही चांगली ओळखीची आहे. चार्टर विमानांनी येणारे ब्रिटिश पर्यटक कळंगुट-बागेच्या रस्त्याने चालत असले की स्कूटरवरची मुलं त्यांना थांबवायची आणि हातात स्क्रॅच कार्डं द्यायची. नवऱ्याच्या कार्डाखाली टी-शर्ट, बायकोच्या कार्डाखाली मोठं बक्षीस. ते बघून पर्यटकापेक्षा स्कूटरवाल्यालाच जास्त आनंद व्हायचा. "तुम्ही रिसॉर्टवर आलात तर मलाही कमिशन मिळेल, प्लीज चला," हे तो मोकळेपणाने सांगायचा. त्याचं हे म्हणणं खरंच असायचं. स्पेनच्या टेनेरिफ बेटावर आणि किनाऱ्यावर त्याच ब्रिटिशांना हेच कार्ड, हेच नाटक आधी भेटलेलं होतं. तरी गोव्यात पुन्हा माणसं जायची. सुट्टीवर असलेला माणूस जरा सैल असतो.

[दृश्य : व्हाउचर. कॅमेरा पुढच्या बाजूवरून मागच्या बाजूवर.]

आता समजा, तुम्ही हॉलमध्ये तीन तास बसलात, काही विकत घेतलं नाहीत आणि व्हाउचर घेऊन बाहेर पडलात. ते वसूल करायचं का?

पुढची बाजू नारळाच्या झाडांची. मागची बाजू वाचायला चष्मा लागतो. तिथे साधारण असं असतं : फक्त खोलीचं भाडं समाविष्ट. प्रवास स्वतःचा. जेवण हॉटेलमध्येच घेणं बंधनकारक. निदान पंचेचाळीस दिवस आधी तीन पर्यायी तारखा कळवाव्यात, त्यांपैकी कोणतीही मिळेल याची हमी नाही. गणपती, दिवाळी, नाताळ, मे महिना, शनिवार-रविवार आणि जोडून आलेल्या सुट्ट्या वगळून. नोंदणी शुल्क ना-परतावा.

हिशोब करून बघू. आकडे उदाहरणाचे आहेत. नोंदणी शुल्क 2,999 रुपये. सक्तीचं जेवण माणशी दिवसाला 1,200, म्हणजे दोघांचे तीन दिवसांचे 7,200. 'फुकट' सुट्टीचे झाले 10,199. एवढ्या तारखा वगळल्यावर उरतो तो बहुतेक पावसाळा, आणि जुलैत किनाऱ्याजवळची साधी, नीटनेटकी खोली दोन हजारांत मिळाली, तर तीन रात्रींचे होतात सहा हजार. जेवायला मग कुठल्याही खानावळीत जा, फिश थाळी खा. म्हणजे बक्षीस न स्वीकारणाराच स्वस्तात फिरून येईल, तेही स्वतःला हव्या त्या तारखेला.

अशा कूपनांचं गणित एका गृहीतकावर उभं असतं : बहुतेक लोक मागच्या बाजूला कंटाळतील. अटी त्यासाठीच इतक्या असतात. ते गृहीतक चुकलं तर काय होतं, हे 1992-93 मध्ये ब्रिटनमध्ये दिसलं. व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्या हूवर कंपनीने शंभर पौंडांच्या खरेदीवर विमानाची दोन तिकिटं देऊ केली, आधी युरोपची, मग थेट अमेरिकेची. भिस्त दोन गोष्टींवर होती. फॉर्म आणि तारखांच्या जंजाळात बरेच जण गळतील, आणि जे टिकतील ते हॉटेल, विमा, भाड्याची गाडी विकत घेतील. पण लोकांनी हिशोब केला. शंभर पौंडांचा क्लीनर अमेरिकेच्या तिकिटापेक्षा स्वस्त होता! नको असलेले क्लीनर घरोघरी येऊन पडले. दोन लाखांहून जास्त माणसं खरोखर उडाली, उरलेली अनेक जण कोर्टात गेली. कंपनीला सुमारे पाच कोटी पौंडांचा फटका बसला. तेव्हापासून अशा योजना आखणारे मागच्या बाजूवर अधिक मेहनत घेऊ लागले असावेत, असं म्हणायला जागा आहे.

[दृश्य : लक्झेंबर्गमधल्या युरोपियन न्यायालयाची इमारत.]

स्क्रॅच कार्डाचा प्रश्न युरोपच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला. प्रकरण ब्रिटनमधलं. काही कंपन्या टपालाने आणि वृत्तपत्रांतून कार्डं वाटत. कोणतं बक्षीस लागलंय हे कळण्यासाठी महागड्या दराचा फोन करा, एसएमएस पाठवा किंवा पत्र लिहा, असं त्यावर असे. त्यातलं एक बक्षीस होतं भूमध्य समुद्रातली सफर. विमा, खोलीचा अधिभार, जहाजावरचं खाणंपिणं, बंदर शुल्क हे सगळं 'विजेत्याने' भरायचं. चार जण गेले तर माणशी 399 पौंड पडत होते.

18 ऑक्टोबर 2012 ला न्यायालयाने निकाल दिला. तुम्ही जिंकलात असं एकदा सांगितलं की बक्षीस घेण्यासाठी ग्राहकाकडून काहीही खर्च करवून घेता येणार नाही, अगदी पोस्टाच्या तिकिटाएवढाही नाही. बक्षीस त्या खर्चापेक्षा कितीतरी मोठं आहे, ही सबबही चालणार नाही. त्याच निकालात एक बारकावा आहे. बक्षीस म्हणजे एखाद्या कार्यक्रमाचं प्रवेशपत्र असेल, तर घरापासून तिथवरचा प्रवास त्यात धरलेला नसतो. म्हणून काय जिंकलं याचं वर्णन स्पष्ट हवं. हाच बारकावा आपल्या व्हाउचरला लावून बघा. "तीन रात्रींची खोली" असं पुढच्या बाजूलाच छापलं असतं, तर मॉलमधल्या त्या टेबलाशी कितीसे लोक थांबले असते?

आपल्याकडेही कायदा गप्प नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, द्यायचा इरादा नसताना बक्षीस देऊ करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. किंमत दुसरीकडून वसूल करून वस्तू फुकट असल्याचा भास निर्माण करणं हीसुद्धा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून 2022 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रतिसाद देण्याचा आणि वस्तू आणून घेण्याचा अटळ खर्च सोडून काही द्यावं लागत असेल, तर तिला 'फुकट' म्हणता येत नाही, असं त्यांत आहे. नोंदणी शुल्क या सवलतीत कसं बसणार, ते कंपनीने सांगावं. तक्रारीची सुरुवात 1915 या हेल्पलाइनवरून करता येते. पैसे भरले असतील, तर आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जाता येतं, कंपनी दिल्लीची असली तरी. मोबदला, म्हणजे आपण मोजलेली किंमत, पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी लागत नाही. तक्रारीची मुदत दोन वर्षांची. काहीच पैसे दिले नसतील, तर आपण कायद्याच्या व्याख्येतले ग्राहक आहोत हे दाखवणंच कठीण जातं, कारण ग्राहक म्हणजे मोबदला देणारा.

एक प्रकार याहूनही वाईट. टपालाने पाकीट येतं, आत एखाद्या नामांकित कंपनीचं नाव छापलेलं कार्ड, पट्ट्याखाली गाडी किंवा परदेश सहल. मग फोनवरून "आधी टॅक्स भरा" सुरू होतं. दहा हजारांवरचं बक्षीस देतानाच तीस टक्के कर वसूल होतो, हे खरंच आहे, आणि ठग त्या खऱ्याचाच आधार घेतात. पण तो कर सरकारजमा होतो आणि पॅनवर दिसतो. एखाद्या अनोळखी माणसाच्या यूपीआयवर तो जात नाही. तिथे वसूल करायचं की नाही हा प्रश्नच नाही. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

[दृश्य : रेल्वे स्थानक, पाऊस.]

मग घ्यावं असं व्हाउचर असतंच नाही का? असतं. ओळखीच्या ब्रँडच्या स्पर्धेत विमान आणि हॉटेल दोन्ही लिहून दिलेलं असेल, अटी संकेतस्थळावर असतील आणि कुठल्या हॉलमध्ये बसावं लागत नसेल, तर खुशाल जा. शुल्काशिवायची नुसती खोलीही कुणाकुणाच्या कामाची असते. निवृत्त जोडपं आहे, मंगळवार काय नि शनिवार काय, दोन्ही सारखेच. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वे सावकाश जाते, याचंही त्यांना काही वाटत नाही. त्यांनी ती खोली जरूर घ्यावी.

फक्त तिकीट काढायच्या आधी एक फोन थेट हॉटेलच्या रिसेप्शनला. त्या तारखांचा नेहमीचा दर काय, हे व्हाउचर तुम्ही घेता का, आणि घेत असाल तर ईमेलवर लिहून द्याल का, एवढंच विचारायचं. व्हाउचरवर हॉटेलचं नावच नसेल, 'निवडक तारांकित हॉटेल' असंच छापलं असेल, तर ते व्हाउचर टेबलावरच्या त्या मुलाला परत द्या आणि फॉर्मवरचा आपला नंबर खोडून घ्या.